माळावरचा लांडगा

बुलढाणा जिल्ह्यातील लोक आपल्या मुलुखाचे साधे दोन भाग करतात : एक घाटाखालचा आणि दुसरा घाटावरचा. घाटाखाली पूर्णा नदीचे खोरे आहे. तेथील जमीन काळी व कसदार असून कापसाची शेते दूरवर पसरलेली दिसतात. घाट चढून वर आले, की अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पठार लागते. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा ही गावे घाटावरची. नदीनाल्यांच्या काठची जमीन सोडली, तर येथे ठिकठिकाणी मुरमाड बरड आढळते. पावसाळ्यात तिच्यावर कुसळीचे गवत माजते. कोठे बोर, कोठे हिवर, कोठे तरवड उभी असते. आणि दिवाळी उलटली, की सारा माळ पिवळा पडतो. वऱ्हाडात सरकारी दप्तरी अशा पुष्कळशा जमिनीला 'ई-क्लास' असे नाव आहे. गावकरी तिला गायरान म्हणतात. आणि ज्यांना तिचा उपयोग ठाऊक नाही, ते तिला पडीक म्हणून मोकळे होतात.

ह्या पडीक म्हटल्या जाणाऱ्या जमिनीचा एक फार जुना रहिवासी आहे. तो म्हणजे लांडगा.

जिल्ह्यातील वन्य प्राण्यांची गोष्ट निघाली, म्हणजे ज्ञानगंगा अभयारण्याचे नाव प्रथम घेतले जाते. इ. स. १९९७ मध्ये घोषित झालेले हे सुमारे २०५ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य बिबळ्या आणि अस्वल ह्यांच्यासाठी प्रसिद्ध आहे. इ. स. २०१९ च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ हजार किलोमीटरांहून अधिक वाट तुडवीत येथे येऊन पोहोचला, तेव्हा साऱ्या देशातील वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले. लांडग्याच्या वाट्याला असले कौतुक येत नाही. एक तर तो घनदाट जंगलात राहत नाही. माणसांच्या डोळ्यांसमोर, शेतांच्या आणि मेंढवाड्यांच्या आसपास तो वावरतो. आणि जो रोज शेजारी असतो, त्याचे महत्त्व सहसा कोणास वाटत नाही. दुसरे असे, की त्याचे नाव फार पूर्वीपासून बदनाम झालेले आहे.

मेंढपाळाच्या लबाड मुलाची आणि 'लांडगा आला रे आला' ह्या आरोळीची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. अनेकांनी मिळून एखाद्या गोष्टीवर तुटून पडणे, ह्याला आपण 'लांडगेतोड' म्हणतो. मात्र आपल्या प्राचीन वाङ्मयात लांडग्याकडे केवळ तिरस्कारानेच पाहिलेले नाही. संस्कृतात लांडग्याला 'वृक' म्हणतात आणि महापराक्रमी भीमाचे एक नाव 'वृकोदर' असे आहे. ज्याची भूक लांडग्यासारखी, तो वृकोदर. हे नाव देणाऱ्याने लांडग्याचे निरीक्षण चांगले केले असले पाहिजे. लांडग्यास शिकार रोज मिळत नाही. मिळाली, की तो एका वेळी कित्येक किलो मांस खाऊन घेतो आणि नंतर प्रसंगी दोनतीन दिवस तसाच हिंडतो. ही हावरटपणाची खूण नव्हे. उद्याची शाश्वती नसलेल्याचा तो शहाणपणा आहे.

आता हा प्राणी दिसतो कसा, ते पाहू. पुष्कळ लोक लांडगा, कोल्हा आणि तरस ह्यांची गल्लत करतात. कोल्हा अंगाने लहान असतो, त्याची कोल्हेकुई गावालगत ऐकू येते, आणि तो मेलेली जनावरे, बोरे, कणसे असे मिळेल ते खातो. तरसाचे पुढचे पाय उंच व मागचे आखूड, त्यामुळे त्याची पाठ उतरती दिसते. शिवाय त्याच्या अंगावर पट्टे असतात. लांडगा ह्या दोघांहून निराळा. त्याचे पाय लांब व सडपातळ, छाती अरुंद, डोळे पिवळसर आणि रंग वाळलेल्या गवताशी मिळताजुळता असतो. वजन साधारणपणे वीस किलोंच्या आसपास भरते. युरोप-अमेरिकेतील बर्फाळ प्रदेशांतील लांडगे ह्याहून बरेच मोठे व दाट केसांचे असतात. आपल्याकडील ऊन ज्यास सोसावयाचे आहे, त्यास एवढा जाड कांबळा काय कामाचा? चालण्यात मात्र आपला लांडगा कोणास हार जाणार नाही. मान किंचित खाली घालून, एका लयीत, तो रात्रभर दुडक्या चालीने कोसच्या कोस तोडतो. एका कुटुंबाचा वावर शंभर-दोनशे चौरस किलोमीटरांत असू शकतो. ह्याचा अर्थ एका गावाच्या शिवेत तो मावत नाही. अनेक गावांच्या शिवा जोडल्या, म्हणजे त्याचे एक घर होते.

कुटुंब हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. लांडग्यांची टोळी म्हणून आपण ज्यास म्हणतो, ते बहुधा एक नर, एक मादी आणि त्यांची एकदोन वर्षांची मुले एवढेच असते. आपल्याकडे अशा टोळ्या लहान असतात. चार-सहा लांडगे एकत्र दिसले, तरी ते पुष्कळ. हिवाळ्यात मादी नाल्याच्या काठाला, खडकाच्या कपारीत किंवा जुन्या बिळात पिले घालते. जन्मतः ती आंधळी असतात. दहाबारा दिवसांनी त्यांचे डोळे उघडतात. त्या काळात आई बिळाजवळ राहते आणि बाप व मोठी भावंडे शिकारीस जातात. परत आल्यावर पिले त्यांच्या तोंडाला तोंड लावून मागणे मागतात, आणि ते पोटातील मांस ओकून त्यांच्यापुढे टाकतात. ऐकणाऱ्यास हे किळसवाणे वाटेल. परंतु मांस वाहून आणण्यास लांडग्याजवळ दुसरी पिशवी कोणती आहे?

शिकारीतही हे कुटुंब एकजुटीने वागते. काळवीट, चिंकारा, ससा आणि उंदीर हे त्याचे मूळचे अन्न. काळविटासारख्या वेगवान प्राण्यास एकट्याने गाठणे कठीण. म्हणून एकदोघे कळपास हुसकावतात आणि एखादा नाल्यात दबा धरून बसतो. परंतु आज काळविटांचे मोठे कळप सर्वत्र उरलेले नाहीत. त्यांची जागा माळावर मेंढ्यांनी आणि शेळ्यांनी घेतली. लांडग्यानेही आपला मोर्चा तिकडे वळविला. आणि येथे ह्या विषयातील खरी अडचण सुरू होते.

मेंढपाळाचा संसार पाठीवर असतो. सुगी संपली, की शेतकरी त्यास आपल्या शेतात मेंढरे बसवावयास बोलावतात, कारण मेंढ्यांच्या लेंड्यांचे व मुताचे खत जमिनीला उत्तम मानवते. त्याचा मोबदला धान्याच्या किंवा पैशाच्या रूपाने मिळतो. रात्री कोकरांभोवती वाघर नावाचे जाळे लावतात, कुत्री राखणीस बसतात आणि एकजण घोंगडे पांघरून जागा राहतो. इतके करूनही एखाद्या अंधाऱ्या रात्री गलका होतो, मेंढरे बुजून फुटतात आणि सकाळी मोजदाद करताना दोन कमी भरतात. मेंढी ही मेंढपाळाची पतपेढी असते. मुलीचे लग्न, आजारपण, शाळेचा खर्च, सारे तिच्यावर चालते. त्यामुळे शहरात बसून लांडग्याचे गुणगान करणाऱ्याने आधी हा हिशेब समजून घ्यावा. तरीही, लांडगा आपला वाटा नेतो, असे शांतपणे म्हणणारे वृद्ध धनगर अजून भेटतात. ज्याचे नुकसान होते त्यानेच असे म्हणावे, ही गोष्ट सामान्य नाही. माळावर लांडगा आजवर टिकला, त्याचे बरेचसे श्रेय ह्या सोशिकतेला द्यावे लागेल.

सर्वांनी अशी सोशिकता दाखविली नाही. इंग्रजी अमदानीत लांडगा मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळत असे. इतिहासकार महेश रंगराजन ह्यांच्या अंदाजानुसार इ. स. १८७५ ते १९२५ ह्या पन्नास वर्षांत बक्षिसांपायी भारतात सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले. बक्षिसे बंद झाली, तरी बिळाच्या तोंडाशी धूर करून किंवा दगड भरून पिले गुदमरवून मारण्याची रीत काही ठिकाणी चालूच राहिली. इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतीय लांडग्यास पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीस बसविले. त्यास मारणे, पकडणे किंवा घरी पाळणे हा गुन्हा आहे. एवढे असूनही आज देशात सुमारे तीन हजारच लांडगे असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. इ. स. २०२२ च्या गणनेत वाघांची संख्या साडेतीन हजारांहून अधिक आढळली, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या आकड्याचा अर्थ कळतो. ज्यास आपण जागोजागचा उपद्रवी समजतो, तो वाघाहूनही विरळ झाला आहे.

आणि तो गेला, तर त्याच्याजागी दुसरीकडचा लांडगा आणून भागणार नाही. इ. स. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिक अभ्यासात असे दिसून आले, की भारतीय लांडग्याचा वंश जगातील इतर लांडग्यांपासून फार प्राचीन काळी वेगळा झाला आहे. इ. स. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने भारतीय लांडग्याचा प्रथमच स्वतंत्र विचार करून त्यास धोक्याच्या छायेतील प्राण्यांच्या यादीत घातले. घाटावरच्या बरडावर दिसणारे हे धुरकट जनावर म्हणजे पृथ्वीवरील लांडग्यांच्या सर्वांत जुन्या घराण्यांपैकी एकाचा वारस आहे.

लांडगा माणसास अपाय करतो काय, हा प्रश्न कोणीही विचारील. आणि त्याचे उत्तर झाकून ठेवणे योग्य नाही. इ. स. १९९६ मध्ये पूर्व उत्तर प्रदेशात आणि पुन्हा इ. स. २०२४ मध्ये त्याच राज्यातील बहराइच जिल्ह्यात लांडग्यांनी लहान मुलांचे बळी घेतले. ज्यांच्या घरची मुले गेली, त्यांना लांडग्याच्या प्राचीन वंशाचे काय कौतुक? असे जनावर वन खात्याने तातडीने पकडलेच पाहिजे. परंतु अशा घटना विशिष्ट भागात, विशिष्ट परिस्थितीत घडलेल्या आहेत. निरोगी लांडगा सहसा माणसाला टाळतो. महाराष्ट्रात अधिक भय आहे ते पिसाळलेल्या लांडग्याचे. रेबीज हा रोग त्यास बहुधा कुत्र्यांपासून होतो, आणि रोगी जनावर दिसेल त्यास चावत सुटते. अशा वेळी जखम साबणाने व वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावी आणि विलंब न लावता दवाखान्यात जाऊन लस टोचून घ्यावी. मंत्रतंत्रात घालविलेला वेळ प्राणावर बेततो.

खरे पाहता लांडग्याविषयी बोलणारे पुष्कळ, पण त्यास जवळून पाहिलेले फार थोडे. पाश्चात्य देशांत तर लांडग्याचा द्वेष आपल्याकडच्याहून किती तरी अधिक होता आणि अनेक प्रांतांतून तो समूळ नष्ट करण्यात आला होता. तो परत यावा असे ज्यांना वाटू लागले, त्यांच्यापुढे प्रश्न पडला, की लोकांच्या मनातील भीती काढावी कशी? त्यातून एक उपाय पुढे आला. काही लांडगे जन्मापासून माणसांच्या सहवासात वाढवावयाचे आणि लोकांना त्यांचे दर्शन घडवावयाचे. दोन राज्यांमध्ये जसा राजदूत, तसा हा माणूस आणि रानातील लांडगा ह्यांच्यामधला दूत. अमेरिकेत इंडियाना राज्यातील वुल्फ पार्क ही संस्था इ. स. १९७२ पासून लांडग्यांचा असा सांभाळ करीत आली आहे. मिनेसोटा राज्यात इली येथे एक केंद्र आहे. न्यूयॉर्क राज्यातील लांडगा संवर्धन केंद्र इ. स. १९९९ मध्ये एलेन ग्रिमो ह्या प्रख्यात पियानोवादक बाईंनी सुरू केले. तेथील अटका नावाचा पांढराशुभ्र लांडगा इ. स. २००२ मध्ये जन्मला. तो गाडीत बसून शाळांना आणि ग्रंथालयांना भेटी देई. इ. स. २०१८ मध्ये तो वारला, तोवर हजारो मुलांनी त्यास प्रत्यक्ष पाहिले होते.

हे काम वाटते तितके सोपे नाही. लांडग्याचे पिलू फार थोडे दिवस निर्भय असते. डोळे उघडून दोनतीन आठवडे लोटले, की प्रत्येक नवी वस्तू त्यास भीतिदायक वाटू लागते. म्हणून डोळे उघडण्यापूर्वीच ते आईपासून वेगळे करून बाटलीने वाढवावे लागते. दर काही तासांनी दूध, दिवसा आणि रात्रीही. सांभाळणारी माणसे पाळीपाळीने पिलांच्या शेजारीच झोपतात. पुढे दूध सुटून मांस सुरू होते. मोठ्या लांडग्यास पुष्कळ ठिकाणी रोज ताटलीत वाढल्याप्रमाणे खाऊ घालीत नाहीत; एकदम सबंध हरीण टाकतात आणि मग काही दिवस हात आखडता घेतात, कारण त्याचे पोट निसर्गतः तशाच क्रमाचे आहे. वृकोदर हे नाव येथे पुन्हा आठवावे.

रखवालदाराची सकाळ कुंपण तपासण्याने सुरू होते. कोठे तार सैल झाली काय, कोठे खाली उकरले आहे काय, हे पाहिल्यावर तो प्रत्येक लांडग्याची चाल निरखतो. कोण लंगडतो, कोण एकटा बसला, कोणी काल खाल्ले नाही, विष्ठा कशी आहे, ह्याची नोंद वहीत होते. पाणी बदलणे, हाडे उचलणे, आवार झाडणे हे तर रोजचेच. औषधोपचारासाठी दरवेळी जनावर बेशुद्ध करावे लागू नये, म्हणून त्यास आपण होऊन वजनकाट्यावर चढण्याची, कुंपणाशी येऊन उभे राहण्याची सवय लावतात. बंदिवासात सर्वांत मोठा शत्रू म्हणजे कंटाळा. त्यावर युक्त्या कराव्या लागतात. एखाद्या ओंडक्यावर मसाला चोळून ठेवला, किंवा नवे अत्तर शिंपडले, की लांडगे त्या वासावर अंग घासून लोळतात आणि मग एकमेकांस हुंगत बसतात. उन्हाळ्यात मांसाचे तुकडे घालून गोठविलेला बर्फ दिला, तर तासभर खेळ होतो.

एवढे करूनही तो लांडगाच राहतो. ही गोष्ट सांभाळणारा क्षणभरही विसरत नाही. तो आवारात एकटा जात नाही. गळ्यात लोंबणारा रुमाल, चष्मा, दागिना असे काही घालून जात नाही, कारण लांडगा ते तोंडाने तपासल्यावाचून राहणार नाही. पाय मुरगळला असेल, ताप असेल, तर त्या दिवशी आत पाऊल टाकीत नाही. दुर्बळास ओळखण्यात ह्या जनावराचे आयुष्य गेलेले असते. टोळीत वयाने थकलेल्या लांडग्यास तरुण लांडगे त्रास देऊ लागले, की त्यास वेगळ्या आवारात हलवितात. इली येथील केंद्रात अशा निवृत्त लांडग्यांसाठी स्वतंत्र जागाच राखलेली आहे. कुत्रा हा लांडग्याचाच वंशज. पण माणसाच्या सहवासात त्याच्या हजारो पिढ्या गेल्या आहेत. एका पिलाला बाटलीने दूध पाजून हजारो पिढ्यांचे अंतर तुटत नाही.

आपल्या देशात अशा प्रकारे लांडगा शाळेत नेणे कायद्यास धरून होणार नाही, आणि माझ्या मते ते इष्टही नाही. आपल्याकडे हे काम प्राणिसंग्रहालयांनी करावयाचे आहे. जयपूर येथे आणि जुनागडच्या सक्करबागेत भारतीय लांडग्यांची पैदास केली जाते. पुण्याच्या कात्रज येथील संग्रहालयातही लांडगे पाहावयास मिळतात. तेथे गेलात, तर पिंजऱ्यावर खडे मारून त्यास उठविण्याचा खटाटोप करू नका. शांतपणे पंधरा मिनिटे उभे राहा. तो कुंपणाच्या कडेने कसा चालतो, कान कसे वळवितो, दुसरा लांडगा जवळ आला असता शेपटी कशी धरतो, हे पाहिले म्हणजे पुस्तकातील दहा पानांचे ज्ञान होते. मात्र संग्रहालयात वाढलेला लांडगा माळावर सोडून माळ भरून काढता येईल, असे समजू नये. त्यास शिकार येत नाही आणि माणसाचे भय वाटत नाही. मोकळ्या लांडग्यास जगावयाला ह्या दोन्ही गोष्टी लागतात. ह्याच कारणाने माळावर बिळात पिले सापडली, तर ती गोजिरवाणी म्हणून घरी आणणे हे त्यांना मारण्यासारखेच आहे. आई बहुधा जवळपास असते आणि माणसे दूर गेली, की परतते. पिले उघड्यावर भटकलेली दिसली, तर वन खात्यास कळवावे. ती आईजवळ पोहोचविण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात यशस्वी झालेले आहेत.

तेव्हा सारी गोष्ट शेवटी माळापाशी येऊन ठेपते. जंगलाला कुंपण घालता येते, माळाला ते घालणे बरोबर नाही, कारण त्यावर मेंढपाळाचाही हक्क आहे. आणि माळ तर दिवसेंदिवस आकसत आहे. सरकारी नकाशांत गवताळ प्रदेशांची गणना बराच काळ पडीक जमिनीत होत आली. जे पडीक, ते वापरात आणावे, हा ओघानेच येणारा विचार. मग कोठे कारखाना येतो, कोठे खाण, कोठे सौर ऊर्जेची पाती. आश्चर्य असे, की झाडे लावण्याच्या सत्कार्यानेही माळाची हानी होते. जेथे गवतच शोभते व पिकते, तेथे खड्डे खणून परदेशी झाडांच्या रांगा उभ्या केल्या, की काळविटास पळावयास मोकळी जागा उरत नाही, मेंढीस चारा उरत नाही आणि लांडग्यास दोघेही उरत नाहीत. झाड लावणे चांगले, हे आम्हीच पिढ्यान्पिढ्या वर्गात शिकविले. कोठे लावावे, हेही आता शिकविले पाहिजे.

रस्त्यांचीही एक बाजू आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग घाटावरच्या मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा ह्या तालुक्यांतून जातो. त्याच्या नागपूर ते शिर्डी ह्या टप्प्यावर इ. स. २०२२ च्या डिसेंबरात वाहतूक सुरू झाली. प्रवाशांची त्याने मोठी सोय केली, ह्यात शंका नाही. परंतु दोन्ही बाजूंनी बंदिस्त असा रुंद रस्ता पठारावरून गेला, म्हणजे रात्री कोसच्या कोस चालणाऱ्या प्राण्याच्या घराचे दोन तुकडे होतात. म्हणून ह्या मार्गावर प्राण्यांसाठी खालून व वरून जाण्याच्या वाटा बांधलेल्या आहेत. त्या वाटांच्या तोंडाशी ढाबे, राडारोडा आणि मोकाट कुत्री जमू न देणे हे त्या बांधण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

कुत्र्यांचा उल्लेख पुन्हा आला, तो सहज नव्हे. उकिरड्यावर पोसलेली कुत्री माळावर जातात, लांडग्याची शिकार हिसकावतात आणि रेबीज, डिस्टेंपर असे रोग त्यास देतात. त्याहून विचित्र संकट इ. स. २०२३ मध्ये उजेडात आले. पुण्याजवळच्या माळावर वेगळ्याच रंगाचे काही लांडगे दिसत होते. आनुवंशिक तपासणीत ते लांडगा व कुत्रा ह्यांच्या संकरातून जन्मल्याचे सिद्ध झाले. जोडीदार न मिळालेला लांडगा कुत्र्याशी संग करतो आणि हजारो वर्षे जपलेला वंश दोनचार पिढ्यांत पातळ होऊ लागतो. गावचा कचरा झाकणे आणि कुत्र्यांना लस टोचणे ही कामे लांडग्याच्या रक्षणात मोडतात, असे कोणास वाटले असते?

आशेला जागा आहे, ती महाराष्ट्रातच. सोलापूरजवळ नान्नज येथे माळढोक पक्ष्यासाठी इ. स. १९७९ मध्ये अभयारण्य झाले. त्या गवतात लांडग्यासही आसरा मिळाला आणि तेथेच डॉ. बिलाल हबीब ह्यांच्यासारख्या संशोधकांनी लांडग्यांच्या गळ्यात रेडिओ-पट्टे अडकवून त्यांच्या हालचालींचा अभ्यास केला. पुणे जिल्ह्यात वन खात्याने इ. स. २०२४ मध्ये कडबनवाडी व शिरसुफळ येथे माळरानाची सफर सुरू केली असून गावातील तरुण तेथे वाटाडे म्हणून काम करतात. लांडगा पाहण्यासाठी कोणी पैसे मोजील, असे त्यांच्या आजोबांना सांगितले असते, तर ते हसले असते. लांडग्याने मेंढी मारल्यास शासनाकडून भरपाई मिळते. मात्र त्यासाठी मेलेले जनावर न हलविता वन खात्यास ताबडतोब वर्दी देऊन पंचनामा करून घ्यावा लागतो. आज ह्या गावी तर उद्या त्या गावी असणाऱ्या, कागदपत्रे जवळ नसलेल्या मेंढपाळास हे जमणे कठीण जाते. शिकलेल्या मुलाने त्याचा अर्ज लिहून दिला, तर लांडग्यावरचा एक दगड तरी कमी होईल.

लांडगे मोजावयाचे कसे, हाही एक कूट प्रश्न आहे. वाघाच्या अंगावर पट्टे असतात, त्यांवरून एकेक वाघ ओळखता येतो. लांडगे सारे एकाच रंगाचे. त्यावर भारतीय वन्यजीव संस्थेतील संशोधकांनी एक नामी तोड काढली. भारतीय लांडगा फारसा ओरडत नाही, असे पूर्वी समजत. परंतु महाराष्ट्राच्या माळांवर रात्री ध्वनिमुद्रण केले असता त्याची दीर्घ, चढउताराची हाळी टिपता आली, आणि इ. स. २०२१ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की प्रत्येक लांडग्याचा सूर निराळा असतो व त्यावरून तो ओळखता येतो. ह्या पद्धतीत माणसे अंधार पडल्यावर माळावर जातात, कर्ण्यातून लांडग्याची मुद्रित हाळी सोडतात आणि निमूटपणे उभी राहतात. दूरच्या वाड्यावरची कुत्री भुंकू लागतात, मेंढरे चुळबुळ करतात, पुन्हा सामसूम होते. मग कधीकधी एका नाल्याच्या अंगाने उत्तर येते. पहिला एक सूर, त्यात दुसरा, आणि हिवाळ्यातील पिले वाढली असतील, तर त्यांचे बारीक, चिरके आवाज. वेळ, जागा आणि सुरांची संख्या वहीत लिहून घेतात. उत्तर आले नाही, तर तेवढेच लिहून पुढच्या माळाकडे चालू लागतात.